गेटवरचा बोर्ड आणि न मोजलेले अपघात

थोडं मोठं लिहिलंय. चहा घेऊन बसा आणि शेवटपर्यंत वाचा. ज्यांचं स्वतःचं वर्कशॉप आहे, जे कंपनीत अकाउंट्सला आहेत, जे लेबर काँट्रॅक्टर आहेत, त्यांनी तर नक्कीच.

भोसरी, तळवडे, चाकण, कुठल्याही बऱ्यापैकी कंपनीच्या गेटमधून आत गेलात की एक बोर्ड दिसतो. अपघाताविना किती दिवस गेले, शेवटचा अपघात कधी झाला, हे त्यावर रोज बदलून लिहितात. आपण इतक्या वेळा बघितलाय की आता तिकडे लक्षही जात नाही. मला मात्र हल्ली तो बोर्ड दिसला की एक माणूस आठवतो.

२०१९ ची गोष्ट. दिवाळी तोंडावर होती. कुरुळीच्या बाजूला एक शेठ आहेत, नाव सांगणार नाही. दोन व्हीएमसी, एक सीएनसी, चौदा कामगार. मोठ्या कंपनीला माल देणाऱ्या कंपनीला हे माल देतात, म्हणजे साखळीतली तिसरी कडी. त्यांना नेहमीच्या मटेरियल पुरवठादाराचा मेल आला. "ऑडिटमुळे आमचं जुनं खातं सध्या बंद आहे, या वेळचं पेमेंट सोबतच्या खात्यात करावं." बिलाचा नंबर बरोबर, रक्कम रुपयापर्यंत बरोबर, खाली सही करणाऱ्याचं नावही बरोबर. अकाउंटंटने आठ लाख साठ हजार पाठवले. नऊ दिवसांनी खऱ्या पुरवठादाराचा फोन आला, "शेठ, पेमेंटचं काय झालं?"

मग चष्मा लावून मेल आयडी बघितला. इंग्रजी 'एम' अक्षराच्या जागी 'आर' आणि 'एन' ही दोन अक्षरं शेजारी शेजारी होती. पटकन बघितलं तर 'एम'च वाटतं.

मी बातमी करायला गेलो होतो. शेठनी मला कॅबिनमध्ये बसवलं, दार लावलं आणि म्हणाले, "भाऊ, हात जोडतो, छापू नका. वरच्या कंपनीला कळलं तर व्हेंडर कोड जाईल. पैसे गेले ते गेले, ऑर्डर तरी राहू दे." पोलिसांतही गेले नाहीत. मी वही बंद केली आणि घरी आलो. बातमी छापली नाही.

त्या न छापलेल्या बातमीबद्दलच आज लिहितोय. कारण नंतर मागे वळून बघितलं तेव्हा लक्षात आलं, की आपल्या भागात अशा चोऱ्यांचा इतिहास वीस वर्षांचा आहे. आपण तो लिहिलेला नाही, म्हणून प्रत्येकाला वाटतं की असं फक्त माझ्याच बाबतीत झालं.

जिथपासून मला आठवतं, तिथपासून सुरू करतो.

२००५. पुणे. पिन नंबर तोंडपाठ करणारी पोरं

मी तेव्हा पत्रकारितेचा डिप्लोमा करून नुकताच कामाला लागलो होतो. पुण्यात कॉल सेंटरची हवा होती. संध्याकाळी घरातून निघणारी, इंग्रजी नाव घेऊन अमेरिकेशी बोलणारी पोरं प्रत्येक गल्लीत होती. एप्रिल २००५ मध्ये बातमी फुटली. एमफॅसिस कंपनीच्या पुण्यातल्या बीपीओमध्ये सिटी बँकेच्या अमेरिकन ग्राहकांचं काम चालायचं. तिथल्या काही कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना मदत करण्याच्या निमित्ताने त्यांचे पिन नंबर काढून घेतले. बाहेरच्या साथीदारांनी इथल्या बँकांत खोट्या नावांनी खाती उघडली आणि अमेरिकेतला पैसा त्या खात्यांत वळवला. आकडा साडेतीन लाख डॉलरच्या वर गेला.

लक्षात घ्या, आत जाताना-येताना तिथे झडती व्हायची. कागद-पेन घेऊन बाहेर पडणं अवघड होतं. त्यामुळे नंबर पाठ करून नेले असणार, असं तेव्हा सांगितलं गेलं. कुठलाही संगणक कोणी फोडला नव्हता. ग्राहकाने फोनवरच्या गोड आवाजावर विश्वास ठेवला होता, इतकंच.

दुसरी गोष्ट लक्षात ठेवा, पुढे पुन्हा लागणार आहे. चोर पकडले गेले ते पैसा इथल्या खात्यांत उतरला म्हणून. बँकेकडून खबर मिळाली आणि पोलिसांनी उचललं. चोरी कितीही हवेतून झाली, तरी पैसा शेवटी कुठल्यातरी खात्यात उतरतो.

माहिती तंत्रज्ञान कायदा २००० साली आला होता. पण एखाद्या कंपनीने लोकांची नाजूक माहिती नीट सांभाळली नाही तर तिने भरपाई द्यायची, हे कलम त्यात नव्हतं. ते २००८ च्या दुरुस्तीने आलं आणि २००९ पासून लागू झालं.

२०१३. ऐंशी लाख, आणि एक निकाल

हे प्रकरण आपल्या धंद्याच्या अगदी जवळचं आहे, पण कोणाला विचारलं तर आठवत नाही. पूना ऑटो अँसिलरीज. नावावरूनच कळतं, गाड्यांच्या सुट्या भागांची कंपनी. कंपनीचं खातं पंजाब नॅशनल बँकेच्या पुण्यातल्या शाखेत. बँकेच्या नावाने आलेल्या खोट्या मेलला उत्तर दिलं गेलं आणि खात्यातून ८० लाख १० हजार रुपये निघून गेले.

कंपनी गप्प बसली नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यात एक सोय आहे. राज्याचे माहिती तंत्रज्ञान सचिव हे अशा तक्रारींचे निवाडा अधिकारी असतात, पाच कोटींपर्यंतचे दावे त्यांच्यापुढे चालतात. २०११ मध्ये तक्रार झाली. २०१३ मध्ये तेव्हाचे सचिव राजेश अग्रवाल यांनी बँकेला ४५ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं.

पूर्ण ८० का नाही? कारण खोट्या मेलला उत्तर देणं ही कंपनीची चूक धरली. आणि बँकेची चूक अशी, की चोरांनी ज्या खात्यांत पैसे उतरवले ती खाती उघडताना नीट तपासणी झाली नव्हती, संशयास्पद व्यवहार वेळेत अडवले गेले नव्हते. दोघांनी आपापला वाटा उचलायचा.

मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे फसलेल्या माणसाला सगळे म्हणतात, "तुला अक्कल नव्हती का?" निकालाने सांगितलं, की चूक तुझी आहे, पण एकट्याची नाही. आणि हे केव्हा कळलं? कंपनी तक्रार घेऊन उभी राहिली तेव्हा.

२०१७. न्हावाशेवा. ज्याच्याशी भांडण नव्हतं त्याचं नुकसान

चाकणहून निर्यातीचा कंटेनर निघाला की तो मुख्यतः जेएनपीटीला, म्हणजे आपल्या भाषेत न्हावाशेव्याला जातो. २७ जून २०१७ ला तिथलं एक टर्मिनल ठप्प झालं. गेटवे टर्मिनल्स इंडिया, डेन्मार्कच्या मर्स्क समूहाचं. कंटेनर कुठला, कुठे चढवायचा, हे सांगणारी यंत्रणाच बंद. हाताने कामं सुरू करावी लागली, बंदराबाहेर ट्रकांच्या रांगा.

कारण कुठे होतं? युक्रेनमध्ये. तिथे कर भरण्यासाठी कंपन्या जे हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरत, त्याच्या अपडेटमधून नॉटपेट्या नावाचा विषाणू सोडला होता. समजा आपल्या टॅलीच्या अपडेटमधून कोणी विष सोडलं, तर काय होईल? तसं. मर्स्कच्या युक्रेनमधल्या कार्यालयातून तो जगभरच्या शाखांत पसरला. हल्ला युक्रेनवर होता, आणि ट्रक उभे राहिले उरणला.

मर्स्कला ४५ हजार संगणक आणि ४ हजार सर्व्हर नव्याने उभे करावे लागले. नुकसान २० ते ३० कोटी डॉलरच्या घरात. आणि यातली एक गोष्ट आपल्याला चांगली कळेल. कंपनीच्या सगळ्या जाळ्याची जी मुख्य नोंद असते, तिच्या जगभरच्या सगळ्या प्रती उडाल्या, फक्त एक वाचली. आफ्रिकेत, घानामध्ये. का? तर हल्ल्याच्या वेळी तिथे लाइट गेली होती! तो संगणक जाळ्यापासून तुटलेला होता म्हणून वाचला. आपण दर गुरुवारी लाइट गेली की महावितरणच्या नावाने बोटं मोडतो. मर्स्कचा धंदा अशाच एका लाइट जाण्याने सावरला.

विनोद बाजूला ठेवा. जाळ्यापासून तोडून ठेवलेली एक प्रत, ही कोट्यवधींच्या यंत्रणेला वाचवणारी गोष्ट ठरली. आणि ती आपल्यातल्या सर्वात छोट्या वर्कशॉपलाही परवडते.

ऑगस्ट २०१८. कॉसमॉस बँक

हे सगळ्यांना आठवत असेल. १९०६ साली स्थापन झालेली पुण्याची सहकारी बँक. शनिवार, ११ ऑगस्ट २०१८. दुपारपासून रात्रीपर्यंतच्या काही तासांत जगातल्या २८ देशांमधल्या एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे निघत होते. बारा हजारांच्या आसपास व्यवहार, ७८ कोटी रुपये. भारतात आणखी अडीच कोटी. मग सोमवारी, १३ ऑगस्टला, आंतरराष्ट्रीय बँक संदेशांच्या स्विफ्ट यंत्रणेतून १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगच्या एका खात्यात. एकूण सुमारे ९४ कोटी.

कसं झालं ते सोपं करून सांगतो. एटीएममध्ये कार्ड घातलं की मशीन बँकेला विचारतं, "देऊ का?" बँक खातं बघून हो किंवा नाही म्हणते. चोरांनी मध्येच आपला एक खोटा 'हो म्हणणारा' बसवला. एटीएमचा प्रश्न खऱ्या बँकेपर्यंत पोहोचतच नव्हता. खोटा प्रत्येक वेळी "दे" म्हणत होता. म्हणून ग्राहकांच्या खात्यातून रक्कम गेली नाही, गेली ती बँकेची. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीच्या अहवालात या हल्ल्याचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला गेला.

पण कोरियातला माणूस कोल्हापूरच्या एटीएमसमोर उभा राहू शकत नाही. तिथे इथलीच माणसं होती. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना शिक्षा ठोठावली. कार्ड घालून नोटा बाहेर काढणारी ही माणसं. डोकं कुठेतरी दूर बसलेलं, तुरुंगात गेले ते हात.

आणखी एक योगायोग. त्याच आठवड्यात, १५ ऑगस्ट २०१८ ला, आपलं पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय सुरू झालं. बातम्यांत आयुक्तालयाचं उद्घाटन आणि कॉसमॉसचा दरोडा जवळजवळ शेजारी शेजारी होते. तेव्हा आमच्यातल्या एकालाही सुचलं नाही की नव्या आयुक्तालयासमोरचा येत्या काळातला मोठा प्रश्न त्या शेजारच्या बातमीत आहे. आम्ही सगळे हद्द कुठून कुठे आणि कोणतं ठाणं कोणाकडे, याच्या बातम्या करत होतो.

२०२१. निगडी, आणि मग एमआयडीसी

फेब्रुवारी २०२१ च्या शेवटी आपल्या दारातच झालं. पिंपरी-चिंचवड स्मार्ट सिटीच्या निगडीतल्या यंत्रणेवर रॅन्समवेअरचा हल्ला. २७ सर्व्हर बाधित. रॅन्समवेअर म्हणजे चोर तुमचा माल नेत नाही, तुमच्याच गोदामाला आपलं कुलूप लावतो आणि किल्लीचे पैसे मागतो, तेही बिटकॉइनमध्ये. काम टेक महिंद्राकडे होतं. पाच कोटींचं नुकसान झाल्याचं सांगत निगडी पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला.

महिनाही झाला नव्हता, तोवर एमआयडीसीवर असाच हल्ला. १९६२ पासून ज्या महामंडळाने आपल्याला प्लॉट दिले, पाणी दिलं, ज्याच्याकडे राज्यातल्या उद्योगांची कागदपत्रं आहेत, त्याच्या मुख्य आणि प्रादेशिक कार्यालयांची ऑनलाइन कामं बंद पडली.

तेव्हा कोविडची दुसरी लाट चढत होती. बेड मिळत नव्हते. सर्व्हरकडे कोण बघणार? आठ-दहा दिवस बातम्या आल्या आणि विषय संपला. नेमकं कुठून शिरले, कोणती खिडकी उघडी होती, आम्ही काय बदललं, याचं साध्या मराठीत चार पानांचं निवेदन लोकांसमोर ठेवलं असतं, तर भोसरीतल्या हजारो कारखानदारांना फुकट शिकवणी मिळाली असती.

आता साखळीकडे या

तुम्ही म्हणाल, ही सगळी मोठ्यांची प्रकरणं. बँक, बंदर, महापालिका. आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये चोराला काय मिळणार?

जपानचं ऐका. २०२२ चा फेब्रुवारी. कोजिमा इंडस्ट्रीज नावाची कंपनी टोयोटाला प्लास्टिकचे भाग पुरवते. तिच्या एका उपकंपनीच्या, बाहेरून जोडणी करायच्या उपकरणातून चोर आत शिरले. कोजिमाचे सर्व्हर बंद. १ मार्चला टोयोटाने जपानमधले आपले १४ च्या १४ कारखाने, २८ लाइन, एक दिवस बंद ठेवल्या. सुमारे १३ हजार गाड्या त्या दिवशी बनल्या नाहीत. टोयोटाच्या एकाही संगणकाला हात लागला नव्हता.

'जस्ट इन टाइम' आपल्याकडच्या सेटरला पण माहीत आहे. सकाळी माल आला नाही तर दुपारी लाइन थांबते आणि संध्याकाळी डेबिट नोट येते. चाकणची सगळी व्यवस्था याच पद्धतीवर उभी आहे.

आणि २०२५ चं तर घरचंच. आपल्या टाटा मोटर्सच्या मालकीची जग्वार लँड रोव्हर. ऑगस्टच्या शेवटच्या दिवशी हल्ला झाला. १ सप्टेंबरपासून उत्पादन बंद, ते टप्प्याटप्प्याने सुरू व्हायला ऑक्टोबरचा दुसरा आठवडा उजाडला. ब्रिटनमधल्या सायबर मॉनिटरिंग सेंटरने तिथल्या अर्थव्यवस्थेचं नुकसान १.९ अब्ज पौंड धरलं आणि पाच हजारांवर संस्थांना झळ बसल्याचं सांगितलं. सरकारला दीड अब्ज पौंडांच्या कर्जाची हमी द्यावी लागली. मोठी कंपनी तरली. पण तिच्यावर अवलंबून असलेल्या छोट्या पुरवठादारांकडे महिनाभर ऑर्डर नाही, पगार कुठून देणार? तिथेही कामगार घरी बसवले गेले.

म्हणजे दोन्ही बाजूंनी आहे. छोटा पडला तर मोठ्याची लाइन थांबते. मोठा पडला तर छोट्याची चूल थांबते.

वीस वर्षांत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा

ही सगळी प्रकरणं शेजारी मांडली तर काय दिसतं?

पहिलं. २००५ ला ग्राहकाने आवाजावर विश्वास ठेवला. पुण्याच्या कंपनीने बँकेच्या नावाने आलेल्या मेलवर ठेवला. मर्स्कने हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर ठेवला. कोजिमाचा घात उपकंपनीच्या जोडणीने केला. कुरुळीच्या शेठनी पुरवठादाराच्या मेलवर विश्वास ठेवला. चोर बहुतेक वेळा विश्वासाच्या दारातून येतो. आपण लाखभराचे कॅमेरे मेन गेटवर लावतो आणि तो ओळखीच्या माणसाच्या नावाने आत येऊन बसतो.

दुसरं. पैसा उतरायला प्रत्येक वेळी इथलं खातं किंवा इथला माणूस लागला. हे आपल्या भागाने नीट समजून घ्यायला पाहिजे. महाळुंगे, खराबवाडी, मोशी, इथे बाहेरच्या जिल्ह्यांतून, परराज्यांतून आलेली हजारो पोरं खोलीत पाच-सहा जण राहतात. कामाला लागताना आधार, पॅन, बँक पासबुक, फोटो, सगळ्याची झेरॉक्स काँट्रॅक्टरकडे जाते. तो गठ्ठा कुठे असतो? मी बघितलाय. पिकअपच्या डॅशबोर्डवर. झेरॉक्सच्या दुकानातल्या टेबलाखाली. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर, ज्यात तीस माणसं आहेत. कोणाच्या कागदांवर सिम निघतं, कोणाच्या नावाने खातं उघडलं जातं. कोणी पाच-दहा हजारांसाठी स्वतःचं पासबुक आणि एटीएम कार्डच भाड्याने देतो. मग एक दिवस दुसऱ्या राज्यातले पोलीस खोलीवर येतात आणि पोरगं म्हणतं, "साहेब, मला काहीच माहीत नाही."

कामगाराची माहिती वेगळी आणि मालकाची माहिती वेगळी, असं आपण समजतो. पण मालकाचे चोरीला गेलेले आठ लाख कामगाराच्या कागदांवर उघडलेल्या खात्यातच उतरू शकतात.

आणि तिसरं, सगळ्यात मोठं. गप्प बसणं.

म्हणून गेटवरचा तो बोर्ड सारखा आठवतो. प्रेसखाली बोटं जायची तो काळ जुन्या कामगारांना विचारा. तेव्हाही चूक कामगाराचीच धरायचे, "लक्ष कुठे होतं?" हे कसं बदललं? १९४८ च्या कारखाने कायद्याने सांगितलं, की अपघाताने माणूस ४८ तास कामावर येऊ शकला नाही तर तो सरकारला कळवायचा. कळवल्यावर नोंद झाली, नोंदीवरून कळलं कोणत्या मशीनवर बोटं जातात, मग त्या मशीनला गार्ड आला, दोन्ही हातांनी दाबायची बटणं आली. भोपाळनंतर, १९८७ मध्ये, कायदा आणखी कडक झाला. आजही अपघात होतात, लपवलेही जातात, हे मी पत्रकार म्हणून जाणतो. पण निदान बोर्ड आहे. आकडा लिहावा लागतो.

माहितीच्या अपघातांचा बोर्ड आपल्याकडे कुठेच नाही.

कायदा मात्र आलाय. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने एप्रिल २०२२ मध्ये आदेश काढला, की असा हल्ला लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचा. बोट गेलं तर ४८ तासांची मोजणी, सर्व्हर गेला तर ६ तास! किती उद्योजकांना हे माहीत आहे, विचारून बघा. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य तरतुदी लागू व्हायला त्यापासून दीड वर्षाची मुदत आहे. मग कामगारांच्या आधारची डिजिटल प्रत कुठेही पडू देणाऱ्यालाही जबाब द्यावा लागेल. माहिती सांभाळायची वाजवी काळजी घेतली नाही तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी आहे. माहिती फुटली तर ज्याची आहे त्याला सांगणंही बंधनकारक होणार आहे.

काय करायचं?

मी तज्ज्ञ नाही. पण वरच्या प्रत्येक प्रकरणातून एकेक गोष्ट निघते, तेवढी सांगतो. बहुतेकांना पैसे लागत नाहीत.

खातं बदललंय असा मेल किंवा मेसेज आला, की पुरवठादाराला फोन करायचा. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही, आपल्या डायरीतल्या जुन्या नंबरवर. एका फोनने शेठचे आठ लाख साठ हजार वाचले असते.

ठरावीक रकमेच्या वरचं पेमेंट एकट्या माणसाने करायचं नाही. एकाने भरायचं, दुसऱ्याने बघून सोडायचं. बहुतेक बँकांच्या कंपनी खात्यांत ही सोय असते, ती चालू करून घ्या.

टॅलीचा डेटा, ड्रॉइंग, मशीनचे प्रोग्राम, यांची प्रत आठवड्यातून एकदा वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्या आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवा. कायम जोडलेली ठेवली तर तिलाही कुलूप लागतं. घानाची लाइट आठवा. गुरुवार ठरवून टाका, लक्षात राहील.

मेलला दुहेरी कुलूप लावा, म्हणजे पासवर्डसोबत मोबाइलवर येणारा कोड. कंपनीचा मेल, बँक आणि अकाउंटंटचं फेसबुक, तिन्हीला एकच पासवर्ड असेल तर आजच बदला.

मशीन दुरुस्त करणाऱ्या इंजिनियरला दूरून संगणक वापरायला दिला असेल, तर काम झालं की ती जोडणी बंद करा. त्याचा पेन ड्राइव्ह थेट सीएनसीला लावू देऊ नका.

काँट्रॅक्टर मंडळींनी कामगारांचे कागद कुलपात ठेवावेत, ग्रुपवर टाकू नयेत. काम सोडून गेलेल्यांचे, ठेवणं कायद्याने गरजेचं नसेल तेवढे नष्ट करावेत. आणि कामगार बंधूंनो, झेरॉक्सवर 'फक्त अमुक कंपनीच्या नोकरीसाठी' आणि तारीख लिहून सही करा. पासबुक भाड्याने देऊ नका. तुरुंगात हात जातात, डोकं जात नाही.

आणि पैसे गेलेच, तर लाज बाजूला ठेवून त्याच मिनिटाला १९३० ला फोन. मग बँक, मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात उड्या मारत असतो. पहिल्या तासात कळवलं तर मध्येच गोठवता येण्याची शक्यता असते, नवव्या दिवशी हातात फक्त तक्रारीचा कागद राहतो.

आपल्या उद्योजक संघटनांना एक विनंती. रस्ते, वीज, वाहतूक कोंडी यावर तुम्ही निवेदनं देता, द्यायलाच पाहिजेत. त्यासोबत एक वही ठेवा. कोणाच्या कंपनीत काय झालं, नाव न लिहिता, फक्त कसं झालं ते. महिन्याला एक पान सगळ्या सभासदांना पाठवा. आणि मोठ्या कंपन्यांनो, ज्या व्हेंडरने फसल्यावर लगेच कळवलं त्याचा कोड काढू नका. लपवणाऱ्याचा काढा. आज उलटं चाललंय, म्हणून सगळे लपवतात.

आता माझं. २०१९ ला मी गप्प बसलो. शेठची अडचण खरी होती, आणि नाव न छापता बातमी करता येते हे मला माहीत होतं. तरी मी केली नाही, कारण नाव नसलेली बातमी डेस्कवर चालत नाही असं मीच ठरवून टाकलं. त्यानंतर आमच्याच भागात त्याच पद्धतीने, त्याच खोट्या 'एम'सारख्या युक्तीने फसलेले आणखी दोन जण मला भेटले. दोघंही म्हणाले, "आधी कुठे वाचलं असतं तर…" दोन्ही वेळा मी मान खाली घातली.

हे लिहिण्याआधी शेठना फोन केला. म्हटलं, आता तरी लिहू का? जरा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "माझं नाव नको भाऊ. बाकी सगळं लिहा. आणि तो 'आर' आणि 'एन' चा घोळ नीट समजावून सांगा, लोकांच्या लक्षात येत नाही."

सांगितलाय, शेठ. तुमच्यापैकी कोणाच्या बाबतीत असं झालं असेल तर मला सांगा. नाव माझ्याजवळ राहील, कसं झालं ते छापलं जाईल.